ओरडेल त्याने करून दाखवावे

आधीच सांगून ठेवते, मी ओरडत नाही. माझा आवाजच मोठा आहे. शिलाईच्या कारखान्यात चाळीस मशिनी एकदम चालू असतात. त्यांच्यावरून पार पलीकडच्या टोकाच्या बाईला "अगं, कॉलर उलटी लावतेस" हे सांगायचं तर कुजबुजून भागत नाही. बारा वर्षं मी तिथे सुपरवायझर आहे. घरी निघताना आवाज लॉकरमध्ये ठेवून जायची सोय कारखान्याने अजून केलेली नाही.

माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याला शिंकसुद्धा हळूच येते. आमची मुलगी अकरा वर्षांची, बारा वर्षांखालच्या फुटबॉल संघात बचावाला खेळते. संघात सगळ्यात लहान चणीची म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. खेळते म्हणजे, खेळायला जाते. या हंगामात शेवटच्या सामन्याआधी नऊ सामने झाले आणि त्यांत मिळून ती सत्तेचाळीस मिनिटं खेळली. घड्याळ लावून बसणारा नवरा असल्यामुळे हा आकडा पक्का आहे. उरलेला सगळा वेळ तिच्या जागेवर मी खेळले.

हसू नका, नियमच तसा होता.

झालं असं की मागच्या हंगामात आम्ही पालकांनी अगदीच ताळतंत्र सोडलं होतं. पोरं खेळायची आणि आम्ही रेषेबाहेर एकमेकांच्या अंगावर जायचो. एका आजोबांनी तर रेफरीला फेकून मारायला काही सापडेना म्हणून तोंडातली कवळी काढून फेकली. ती लागली तिसऱ्यालाच. मग शिस्त समिती नेमली. तिचे अध्यक्ष जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. जगातली कुठलीही गोष्ट रकान्यात लिहिली की ती मार्गी लागते, अशी त्यांची समजूत. त्यांनी सात नियम काढले. पहिले सहा नेहमीचेच होते, हात मिळवा, शिव्या देऊ नका वगैरे, ते कुणी वाचलेही नाहीत. सातवा असा: "खेळ चालू असताना सूचना देणाऱ्याने ती सूचना मैदानावर स्वतः अमलात आणावी. ती अमलात येईपर्यंत त्याच्या घरच्या खेळाडूने बाहेर बसावे." खेळाडू खेळाडूला जे सांगेल ते यात धरायचं नाही, एवढी एक सूट दिली होती.

अध्यक्षांना वाटलं, लोक लाजेने गप्प बसतील. पस्तीस वर्षं जन्माच्या नोंदी केल्या त्या माणसाने, पण ज्यांना पोरं झाली ती माणसं काय चीज असतात हे काही त्यांना कळलं नाही.

आमच्याकडे संघ दोनच, दर रविवारी तेच समोरासमोर. पहिल्याच सामन्यात पलीकडच्या संघातल्या एका पोराचा बाप, फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक, "अरे गोल कर, गोल!" म्हणून बोंबलला. अध्यक्षांनी खेळ थांबवला, वहीत नोंद केली आणि त्याला आत बोलावलं. पोरगा बाहेर आला, बाप आत गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर लाज तर नव्हतीच, उलट लग्नाला निघाल्यासारखा हसत होता. आता गोल केल्याशिवाय त्याला बाहेर येता येणार नव्हतं. नऊ आठवडे झाले, त्याला गोल जमलेला नाही. सामना संपला तरी सूचना शिल्लक राहते, ती पुढच्या सामन्यात चालू. त्याच्या पोराने बाकावर बसून गणिताचं अख्खं पुस्तक संपवलं.

मग रीघच लागली. आमच्या संघातल्या एका पोराची मावशी ओरडली, "जागा सोडू नकोस!" या सूचनेला शेवटच नाही. चार सामने झाले, मावशी मैदानाच्या मधोमध एकाच जागी उभी आहे. विणकाम आणते. खेळ तिच्या डावी-उजवीकडून जातो. एक आजोबा "पळ, पळ, पळ!" म्हणाले, ते पळताहेत. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी "दुसरा रेफरी आणा!" अशी गर्जना केली, तर त्यांना खरंच दुसरा रेफरी आणावा लागला. त्यांनी आपला कंपाउंडर आणला. त्या बिचाऱ्याने जन्मात फुटबॉल पाहिलेला नव्हता. कुणाला काही दुखतंय असं वाटलं की तो शिट्टी वाजवायचा.

आणि मी? "पास दे", "मागे ये", "अंगावर जा". दर रविवारी एक तरी. एकदा "पास दे" अमलात आणताना मी चेंडू सरळ विरुद्ध संघाला दिला. अध्यक्ष म्हणाले, कुणाला द्यायचा ते तुम्ही म्हटलेलं नव्हतं, सूचना पूर्ण. त्या दिवशी मुंगीला अकरा मिनिटं मिळाली. बाकीच्या वेळी मात्र मी आत आणि ती बाकावर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

खोटं कशाला बोलू? चौथ्या सामन्यापासून मी पिशवीत कॅनव्हासचे बूट घेऊन जात होते. तोंडातून चुकून निघतं असं मी सगळ्यांना सांगायची, पण बूट काही कुणाच्या पिशवीत चुकून जात नाहीत. मला तिथे पळायला आवडायला लागलं होतं. तिच्यापेक्षा मला बरं जमतं, असंही कुठेतरी वाटत होतं.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी मुंगी दाराच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "आई, आज तू येऊ नकोस."

"का गं?"

"मला आज पूर्ण खेळायचंय. चाळीसच्या चाळीस मिनिटं."

पुढच्या हंगामात ती बारा वर्षांवरच्या गटात जाणार. त्या गटात मुली घेत नाहीत आणि मुलींचा वेगळा संघ नाही. म्हणजे आजचा हा तिचा शेवटचाच सामना. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती चिडली असती तर मी बघून घेतलं असतं. चाळीस बायकांचे रुसवेफुगवे सांभाळलेत मी. पण ती चिडलेली नव्हती. दुकानदाराला पाव किलो साखर मागावी तितक्या साध्या आवाजात बोलत होती.

"मी तोंड उघडणार नाही," मी म्हटलं. "शपथ."

"दर वेळी म्हणतेस."

"या वेळी खरंच."

तिचे बाबा आतून आले आणि म्हणाले, "मी हिच्या शेजारी उभा राहतो."

मुंगीने दुसऱ्या बुटाची गाठ मारली, ओढून बघितली. "ठीक आहे, ये. पण बोललीस ना, तर यापुढे मी तुला कशालाच बोलावणार नाही. शाळेतही नाही, कुठेच नाही."

एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. अकरा वर्षांची पोर, पण ती पाठ बघून मला कळलं की हे ती करून दाखवेल.

सामना सातास सात असा असतो. सुरुवातीला आत नऊ मोठी माणसं होती, मागच्या शिल्लक सूचनांमुळे, आणि पाच पोरं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग एकाची आई "वर बघ!" म्हणाली आणि गेली आत, आभाळाकडे बघत. एकाचा काका "सोडू नकोस त्याला!" म्हणाला. त्याने आत जाऊन दिसेल त्या पहिल्या माणसाचा दंड धरला तो धरलाच, दोघं जोडीने हिंडायला लागले. मध्यंतरानंतर पलीकडच्या गोलकीपरची आई "पुढे ये, पुढे ये!" ओरडली. पोरगा बाहेर, ती गोलमध्ये. पण सूचना पुढे येण्याची, म्हणून ती गोल सोडून पुढे पुढे येत राहिली. आमच्या गोलकीपरच्या बापानेही कसलीशी सूचना केली आणि चौदापैकी तेरा मोठी माणसं झाली.

चौदावी मुंगी.

बाकावर तेरा पोरं ओळीने बसली होती, दोन्ही संघांची एकत्र. कुणी कुणाला चित्र काढून दाखवत होतं, कुणी कुणाचे मोजे घालून बघत होतं. त्यांचं चांगलंच जमलं होतं. मैदानात त्यांचे आईबाप, मावश्या, काका धापा टाकत एकमेकांना ढकलत होते. आणि त्या सगळ्या जाडजूड पायांच्या जंगलात माझी मुंगी शर्ट खोचून पळत होती. चेंडू तिच्याकडे आला की ती तो नीट थांबवायची, वर बघायची आणि आपल्या माणसाला द्यायची. नऊ सामने मी तिला "असं कर, तसं कर" सांगत होते ते सगळं तिला येत होतं. मला दिसलंच नव्हतं, कारण तिच्या जागी मी होते.

मी गप्प होते. कशी होते ते मला विचारा. कान तापले होते, बुटात पायाची बोटं आखडली होती. तोंड उघडायला लागलं की मी पिशवीचा बंद दातांत धरायची. नवरा माझं कोपर धरून उभा होता आणि मधूनमधून पुटपुटत होता, "तेवीस झाली... एकोणतीस..." सहा पावलांवर अध्यक्ष पेन उघडून माझ्याकडेच बघत होते. इतक्या वेळात मी सापडले नाही याने त्यांना चुकल्यासारखं होत असावं.

दोन-दोन अशी बरोबरी होती. पाचेक मिनिटं उरली असतील, तेव्हा मेकॅनिक चेंडू घेऊन सुटला. नव्वद किलोचा माणूस, नऊ आठवडे गोलासाठी आसुसलेला, आणि त्याच्या वाटेत फक्त मुंगी. "बाजूला हो!" हे अगदी ओठांवर आलं. मी बंद चावला. मुंगी बाजूला झाली नाही. ती थांबली, अगदी शेवटपर्यंत थांबली, आणि बुटाच्या टोकाने चेंडू अलगद काढून घेतला. मेकॅनिकला हात लावला नाही, धक्का दिला नाही. तो आपल्याच पायात पाय अडकून धाडकन पडला. "आई गं!" म्हणाला. ही काही सूचना नव्हती, त्यामुळे अध्यक्षांनी लिहिलं नाही. कंपाउंडर दुसऱ्या टोकाला पळणाऱ्या आजोबांची नाडी बघत होता, त्यामुळे शिट्टीही झाली नाही.

चेंडू मुंगीकडे. पुढे मोकळं मैदान. गोलमध्ये कुणी नाही, गोलकीपर बाई पुढे येत येत आमच्या अर्ध्यात पोचल्या होत्या. आमचा अख्खा संघ किंचाळला, "गोल कर, मुंगे, गोल कर!" खेळाडूने खेळाडूला सांगितलेलं, त्यामुळे त्यांना मुभा होती. मावशी आपल्या जागेवरून विणकामाच्या सुया नाचवत होती. मुंगी पळाली, पंधरा-वीस पावलं, आणि तिने एकदा मागे वळून बघितलं. मेकॅनिक घोटा धरून लोळत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने चेंडूवर पाय ठेवला. मग तो हळूच रेषेबाहेर ढकलून दिला आणि परत चालत आली. त्याच्याशेजारी उकिडवी बसून काहीतरी विचारलं. आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

आमचा संघ असा विव्हळला, जणू पाय त्यांचाच मोडला होता. "अगं, डोकं फिरलंय का तुझं?" कुणीतरी म्हणालं. आणि माझं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामा गोल! शेवटचा सामना! पण मग त्या एवढ्या मोठ्या पायावर वाकलेली तिची इवलीशी पाठ मला दिसली, ती जपून जपून बूट काढत होती. माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही. डोळे भरून आले. ही माझी पोर. हिला हे कुणी शिकवलं? मी तर नक्कीच नाही.

"ती तुझ्याकडे बघतेय," नवरा म्हणाला.

बघत होती खरी. पूर्ण हंगामात मैदानात असताना तिने माझ्याकडे बघणं टाळलं होतं, आज पहिल्यांदा बघत होती. आणि तिला काय दिसलं असेल? लाल झालेलं तोंड, दातांत पिशवीचा बंद, वटारलेले डोळे. तिची हनुवटी थरथरली. मी रागावले असं तिला वाटलं. तिने "बरं" म्हटल्यासारखी मान हलवली आणि खाली बघितलं.

नऊ सामने घसा फोडला, आणि ज्या घडीला एक शब्द हवा होता तेव्हा माझी दातखीळ बसलेली. "शाब्बास" ओरडायची सोय नव्हती. मागच्याच रविवारी एक बाप पोराला शाब्बास म्हणाला होता. समितीने निकाल दिला की कौतुक ही पुन्हा तसंच करण्याची सूचना आहे. तेव्हापासून तो बिचारा मैदानात आहे, शाब्बासकी देण्याजोगं त्याच्या हातून अजून काही घडलेलं नाही.

मग मी चालायला लागले. तोंड मिटून, रेषा ओलांडून, सरळ आत. नवऱ्याच्या हातातून कोपर सुटलं. कुणी अडवलं नाही, कारण न ओरडता कुणी आत येईल हे अध्यक्षांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुंगीजवळ बसले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "मुंगे, मी रागावलेली नाही गं. मी असते ना, तर गोल मारून मोकळी झाले असते. मला हे सुचलंच नसतं."

माझा हळू आवाज इतका परका वाटला की दुखणं विसरून मेकॅनिकनेही वर बघितलं.

मुंगीने बाहीला नाक पुसलं. तिचा चेहरा सैल झाला, अगदी हसणार होती. आणि तेवढ्यात मी कुठे बसलेय हे तिच्या लक्षात आलं. आत. मैदानात. तिच्या जागेवर. तिचे डोळे घाबरले. माझी पोर मला बघून घाबरली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आई, बाहेर जा!"

काय आवाज होता! माझाच आवाज, चाळीस मशिनींवरून जाणारा. अध्यक्ष लगबगीने आले.

"खेळाडू नसलेल्या व्यक्तीला सूचना," ते लिहिता लिहिता म्हणाले. "देणाऱ्याने ती स्वतः अमलात आणायची. म्हणजे बाहेर हिने जायचं."

मुंगी उठली. वाद नाही, रडणं नाही. गुडघे झटकले आणि बाकाकडे चालायला लागली. नऊ सामन्यांत तिला त्या वाटेची सवय झाली होती.

अध्यक्षांची खरडपट्टी काढायला माझी जीभ सळसळली. पण मी भांडत बसले तर उरलेली मिनिटं भांडणात जातील, आणि ती मिनिटं माझी नव्हती. मी उठले आणि पळाले. मुंगीला मागे टाकून रेषेपलीकडे गेले, दोन्ही पाय जुळवून उभी राहिले आणि अध्यक्षांना बोटाने दाखवलं. हे माझे पाय, ही रेषा. "बघा" म्हणायचीही चोरी, तीही सूचनाच झाली असती.

अध्यक्षांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग खिशातून नियमांचा कागद काढला, सातवा नियम बोट ठेवून वाचला. मग वही चाळली, पहिल्या पानापासून. नाव, सूचना, आत गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, सगळे रकाने होते. पण ज्याला सांगितलं त्यानेच ऐकलं आणि तसं वागला, असं पूर्ण हंगामात एकदाही घडलेलं नव्हतं, म्हणून त्याला रकानाच नव्हता.

"अमलात तर आली," ते स्वतःशीच म्हणाले. पेन बराच वेळ हवेत राहिलं. शेवटी त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली आणि मुंगीला म्हणाले, "जा. खेळ."

मुंगी बाकाला हात लावून परत फिरली. चेंडू बाहेर गेला होता, म्हणजे आत टाकायची पाळी पलीकडच्यांची. मेकॅनिक एका पायावर उभा राहिला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "तिच्याकडे टाका. तिचाच होता तो." त्यांनी टाकला. तिने तो नीट थांबवला, वर बघितलं आणि पळायला लागली.

मी रेषेबाहेर उभी होते. नवरा येऊन शेजारी उभा राहिला, मनगटावर नजर लावून. "सदतीस झाली," तो म्हणाला.

"गप्प बस," मी कुजबुजले. "मला बघू दे."